नमुना सगळ्यांचा, माप एकाचं



सोलापुरात राहून लोकरीच्या विणकामावर बोलायचं म्हटलं की लोक हसतात. हसणारच. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. थंडी म्हणावी अशी ती गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, म्हणजे संक्रांतीच्या मागंपुढं चार आठवडे. तेवढ्यात होम मैदानावर पाळण्यापाशी रांगेत उभी असलेली पोरं कानटोप्या घालून दिसतात, म्हातारी माणसं मफलर गुंडाळतात आणि लोकरीची हौस भागते. पुढं अकरा महिने स्वेटर ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर झोपलेला असतो.

तरीही विणकाम हा विषय सोलापूरकराला परका नाही. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिला गाव आजही ‘जुनी गिरणी’ म्हणूनच ओळखतं. आणखी गिरण्या, हातमाग, यंत्रमाग, असं सगळं इथं नांदलं. चादर आणि टॉवेल म्हटलं की देशाला सोलापूर आठवतं. आमच्या घरातही अब्बा मागावर होते. चादरीच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. आणि घरी अम्मा क्रोशाची सुई घेऊन बसायची. लहानपणी मला कुणी विचारलं, ‘अब्बा काय करतात?’ तर मी सांगायची, ‘विणतात.’ ‘आणि अम्मा?’ ‘तीही विणते.’

मराठीत हे बरं आहे. मागावर कापड विणतात, सुईवर स्वेटर विणतात, कोळी जाळं विणतो, खाटेची पट्टी विणतात. आमच्या घरातल्या दखनीतही दोन्हीला ‘बुनना’च. इंग्रजीत मात्र मागाचं विणणं वेगळं आणि सुईचं वेगळं. तसा कामात फरक आहेच. मागावर उभे धागे आधी ताणून घ्यावे लागतात, मग धोटा आडवा धागा घेऊन धावतो. धागे हजारो, आणि कापड एकदा मागावरून उतरलं की त्याचा पन्हा ठरलेला. सुईवर धागा एकच. एका फासातून दुसरा फास काढायचा, दुसऱ्यातून तिसरा. म्हणून टोक ओढलं की सगळं उसवतं, आणि म्हणूनच चुकलं तर पुन्हा विणता येतं. मागावरची चादर घेणारा कोण आहे हे कारागिराला माहीत नसतं. सुईवरचं काम बहुतेक वेळा एका ठरावीक माणसासाठी असतं. त्याचं डोकं, त्याचा खांदा, त्याचा हात. आज मला जे सांगायचं आहे ते या एका माणसाच्या मापाबद्दल.

अम्मा रमजानच्या आधी दोन महिने जाळीच्या टोप्या विणायला घ्यायची. पांढरा सुती धागा आणि क्रोशाची बारीक सुई. टोपी दिसायला सोपी, पण तिचं गणित पक्कं असतं. आधी सहा साखळ्यांचं कडं करायचं. त्यात बारा खांब घालायचे. दुसऱ्या फेरीत चोवीस, तिसऱ्या फेरीत छत्तीस, चौथ्या फेरीत अठ्ठेचाळीस. फेरीला बारा-बारा वाढत गेले की चकती सपाट राहते. कमी वाढवले तर ती वाटीसारखी वर वळते. जास्त वाढवले तर झालरीसारख्या चुण्या पडतात. चकती हवी तेवढी झाली की वाढवणं थांबवायचं. मग कडा आपोआप खाली उतरू लागते आणि टोपी तयार होते.

प्रश्न असतो तो ‘हवी तेवढी’ म्हणजे किती, हा. पुस्तकात लिहिलेलं असतं, इतक्या फेऱ्या घाला. पण धागा जाड की बारीक, सुई कुठली, विणणारीचा हात घट्ट की सैल, यावर सगळं बदलतं. अम्मा पुस्तक बघत नसे, तिला वाचताच येत नव्हतं. ती एक धागा घ्यायची, ज्याची टोपी त्याच्या डोक्याभोवती फिरवायची आणि दोन टोकं जुळतील तिथं गाठ मारायची. मग तो धागा तिहेरी दुमडायचा आणि त्यातून अंगठ्याच्या नखाएवढं कमी करायचं. तेवढी रुंद चकती झाली की बस.

पुढं मी बी.ए. झाले. शाळेत परिघ भागिले ३.१४ बरोबर व्यास, हे पाठ केलं होतं, पण ते अम्माच्या धाग्यात आहे हे कळायला पन्नाशी गाठावी लागली. डोक्याचा घेर ५४ सेंटिमीटर असेल तर तिहेरी दुमडल्यावर १८ होतात. नखाएवढं कमी केलं की १७. गणितानं उत्तर येतं १७.२. विणलेला धागा थोडा ताणतोही, म्हणजे अम्माचं १७ जास्त बरोबर.

गल्लीत टोपीपुरतं काम राहत नसे. आमच्या दोन्ही बाजूंना तेलुगू बोलणारी घरं होती, समोर लिंगायत घर होतं. कुणाच्या लेकीचे दिवस भरत आले की अम्माकडे निरोप यायचा. बाळंतविडा घरीच करायची तेव्हा रीत होती. झबली-दुपटी कुणी शिवायचं, कुंची कुणी शिवायचं आणि लोकरीचं टोपरं-मोजे अम्माकडे. न जन्मलेल्या बाळाचं माप कसं घेणार? अम्मा म्हणायची, ‘आईची मूठ बघ. बाळाचा मोजा तिच्यात मावला पाहिजे.’ हे शास्त्र आहे की नाही मला ठाऊक नाही. पण मोजे कधी परत आले नाहीत.

दोन सुयांचं विणकाम अम्मा १९६२ साली शिकली. चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभरातल्या बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणले होते. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेनं दुपारी बायका जमवल्या, सुलट टाका, उलट टाका शिकवला. अम्माच्या मांडीवर तेव्हा माझी मोठी बहीण, आमची आपा, काही महिन्यांची होती. अम्मा सांगायची, ‘त्या स्वेटरांचं एक अवघड होतं. कोण घालणार तेच ठाऊक नव्हतं.’ म्हणून खालची बॉर्डर आणि मनगटं दोन सुलट-दोन उलट अशी घालायची. ती वीण रबरासारखी ताणते आणि पुन्हा मिटते. बारीक अंगाच्या जवानालाही बसते, धिप्पाड असेल त्यालाही चालते. माप माहीत नसेल तेव्हा वीणच मऊ आणि ताणणारी ठेवायची, ही विणकामातली युक्ती अम्मा तिथं शिकली.

आता माझी फजिती सांगते, कारण श्रोत्यांमध्ये नव्यानं शिकणाऱ्या मुली असतील. आजकाल टोपलीभर सुया, रंगीत धागे, फोनवर चित्रफिती असं सगळं मिळतं. माझ्या अमेरिकेतल्या भाचीनं मला एका जाकिटाचा नमुना पाठवला. त्यात सुई लिहिली होती दहा नंबरची. माझ्याकडे दहा नंबरच्या सुया होत्याच. विणायला घेतलं. पाठ पूर्ण झाली तेव्हा ती मला नव्हे, माझ्या नातीच्या बाहुलीला आली असती. मग उलगडा झाला. आपल्याकडे सुयांचे जे जुने नंबर चालत आले ते इंग्रजांचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेत उलटं आहे, नंबर वाढला की सुई जाड होते. त्यांची दहा नंबर म्हणजे सहा मिलिमीटर, जवळजवळ दुप्पट. तेव्हा नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा.

दुसरी चूक याहून साधी आणि जास्त महागात पडणारी. नमुन्यात लिहिलेलं असतं की दहा सेंटिमीटरला बावीस टाके. आपण ते वाचतो आणि सोडून देतो. समजा, नव्वद सेंटिमीटर घेराचा स्वेटर आहे, तर १९८ टाके घाला असं पुस्तक सांगतं. पण माझा हात घट्ट. माझे दहा सेंटिमीटरला चोवीस टाके बसतात. तेच १९८ टाके माझ्या हातात साडेब्याऐंशी सेंटिमीटरचे होतात. साडेसात सेंटिमीटर गेले कुठं? कुठं गेले नाहीत, माझ्या बोटांच्या घट्टपणात राहिले. म्हणून आधी हातभर नको, वीतभर तुकडा विणून बघावा. तो धुवावा, वाळवावा, मगच पट्टी लावून टाके मोजावेत. सुती असो की लोकरीची, वीण धुतल्यावर आक्रसते किंवा सैल पडते. मग आपल्या मापाला आपल्या टाक्यांनी गुणावं. मला नव्वद हवे असतील तर नऊ गुणिले चोवीस, म्हणजे २१६ टाके. एवढंच गणित. मी कविता लिहिते, मात्रा मोजायची सवय आहे. तरी या तुकड्याचा कंटाळा मीही केला आणि दोनदा अख्खा स्वेटर उसवला.

पण टाके बरोबर आले म्हणजे स्वेटर बसला असं नाही. पुस्तकातल्या माणसाचे दोन्ही खांदे सारखे असतात. अब्बांचे नव्हते. वर्षानुवर्षं मागावर एकाच बाजूनं वाकून काम केल्यानं त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. नवी पेठेतून आणलेला तयार सदरा त्यांच्या अंगावर कायम तिरका दिसायचा. गळा एका बाजूला ओढलेला असायचा. ते काही बोलत नसत. फक्त बाहेर जाताना सारखा कॉलर नीट करत. अम्मानं त्यांना स्वेटर विणला तेव्हा डाव्या खांद्यापाशी ओळ पूर्ण न करता मधूनच सुई फिरवली आणि परत आली. अशा चार अर्ध्या ओळी घातल्या. त्यामुळं एका बाजूला कापड जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. जमिनीवर पसरला की तो स्वेटर वाकडा दिसायचा. मी हसले होते. अब्बांच्या अंगावर मात्र तो सरळ दिसायचा. गळा बरोबर मध्ये यायचा. अब्बा त्या हिवाळ्यात कॉलर ओढताना दिसले नाहीत.

हे अर्ध्या ओळींचं तंत्र अम्मानं शोधून काढलं नव्हतं. पायमोज्याची टाच जगभर अशीच वळवतात. पण टाचेची युक्ती नवऱ्याच्या खांद्याला लावावी हे तिचं तिला सुचलं.

आता थोडं संकोचाचं बोलणार आहे. घरात लहान मुलं ऐकत असतील तर ऐकू द्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि लपवण्यानंच आमचं नुकसान झालं.

चार वर्षांपूर्वी आमच्या आपाला स्तनाचा कर्करोग निघाला. हाताला गाठ लागली होती ती तिनं आठ महिने कुणाला सांगितली नाही. मलाही नाही, सुनेला तर नाहीच. ‘असल्या गोष्टी कशा बोलायच्या,’ हे तिचं उत्तर. श्रोतेहो, आमच्याच जिल्ह्यात बार्शीला १९८२ पासून नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली आणि तिथली माणसं गावोगाव फिरून बायकांना लक्षणं समजावत आली. खेड्यातल्या बायकांनी ते ऐकलं, दाखवून घेतलं, वाचल्या. आणि शहरात राहणारी, पेपर वाचणारी माझी बहीण गाठ पदराखाली घेऊन आठ महिने फिरली. शस्त्रक्रिया झाली, एक बाजू पूर्ण काढावी लागली. औषधं झाली. आज ती आहे, ठीक आहे, अल्लाची मेहरबानी आणि डॉक्टरांचीही.

पण घरी आल्यावर आपा बाहेर पडेना. लग्नाची निमंत्रणं यायची, ती प्रकृतीचं कारण सांगायची. कारण दुसरंच होतं. ती ब्लाऊजमध्ये एका बाजूला जुने रुमाल घडी करून ठेवायची. ते सरकायचे. उन्हात घामानं ओले व्हायचे. पदर सारखा ओढून घ्यायची, तशी बसायची लकबच पडून गेली. बाजारात सिलिकॉनचे तयार कृत्रिम स्तन मिळतात. चांगले असतात, पण काही हजार रुपये पडतात, वजनदार असतात, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये दिवसभर छातीशी सिलिकॉन बांधून चुलीपुढं उभं राहणं म्हणजे काय ते बायकांनाच कळेल. आपानं एकदा दुकानात जायचा प्रयत्न केला. तिथं काउंटरवर पुरुष होता. ती टॉवेल घेऊन परत आली.

तेव्हा भाचीनं मला एक गोष्ट कळवली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बार्बरा डेमोरेस्ट नावाच्या बाई आहेत. त्यांची अशीच शस्त्रक्रिया झाली होती. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना विणलेल्या कृत्रिम स्तनाबद्दल सांगितलं, मैत्रिणीनं तो विणून दिला आणि २०११ साली त्यांनी इतर बायकांसाठी तसे विणून मोफत द्यायचं काम उभं केलं. त्या कामाचं इंग्रजी नाव जरा चावट आहे, आकाशवाणीवर घेण्यासारखं नाही. पण नमुने सर्वांना खुले आहेत. आपल्याकडे मुंबईत जयश्री रतन यांनी ‘साईशा इंडिया’ या नावानं हेच काम सुरू केलं. अनेक बायका घरी बसून सुती धाग्यात ते विणतात आणि ज्यांना हवेत त्यांना मोफत पोचवतात.

मी नमुना वाचला आणि मला हसू आलं. सुरुवात टोपीसारखीच! मधोमध एक छोटं कडं. मात्र वीण घट्ट हवी, आतलं भरण बाहेर दिसता कामा नये, म्हणून लांब खांब नाहीत, मुके खांब. पहिल्या फेरीत सहा, मग फेरीला सहा-सहा वाढवत गेलं की सपाट चकती. त्याहून कमी वाढवले की वाटी. लहानपणी टोपीची वाटी झाली म्हणून अम्मा माझ्या हातावर सुई मारायची. इथं वाटीच हवी होती. समोरची वाटी, मागची सपाट चकती, आणि आत कृत्रिम तंतूंचा हलका कापूस. साधा कापूस भरायचा नाही, त्याचे धुतल्यावर गोळे होतात आणि तो लवकर वाळत नाही. लोकरही नको, ती टोचते. मऊ सुती धागाच बरा. मागं दोरी ओवून तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे कापूस कमी-जास्त करता येतो. अंतर्वस्त्राच्या आतून कापडाचा एक खिसा शिवला की ते त्यात बसतं, सरकत नाही. आणि हे सगळं टाके पूर्ण सुकल्यावर, डॉक्टरांनी ‘हरकत नाही’ म्हटल्यावरच.

पुन्हा प्रश्न तोच, मापाचा. नमुन्यात मापं दिलेली असतात, कपाच्या अक्षरांप्रमाणं. आपाला कुठलं अक्षर लागतं हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. आयुष्यभर गल्लीतल्या बाईकडून शिवून घेतलेलं. मी म्हटलं, ‘आपा, मी माप घेते.’ ती उठून आत गेली. मला वाटलं, रागावली. थोड्या वेळानं दार किलकिलं करून हात बाहेर काढला आणि म्हणाली, ‘धागा दे.’ मी धागा दिला. पाच मिनिटांनी तो धागा परत आला. त्याला तीन गाठी होत्या. एक घेराची, एक उंचीची, एक बाजूच्या लांबीची. अम्मा डोक्याचं माप घ्यायची तसं आपानं स्वतःचं माप घेतलं होतं, दाराआड, एकटीनं. ती रडली होती हे डोळ्यांवरून कळत होतं. मी काही विचारलं नाही. धागा घेतला आणि विणायला बसले.

पहिला नमुना पुस्तकाबरहुकूम झाला. टाके बरोबर, घेर बरोबर. आपानं तो लावला, आरशात बघितलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. म्हणाली, ‘अगं, ही वीस वर्षांच्या पोरीची आहे. माझ्या दुसऱ्या बाजूनं तीन लेकरं वाढवलीत!’ खरंच होतं. नमुन्यातला आकार गोल, ताठ, चेंडूसारखा. साठीच्या जवळ आलेल्या बाईचं अंग तसं नसतं. एक बाजू वर, एक खाली. पदराआडूनही दिसलं असतं.

मी तो उसवला. उसवलेला धागा लडी करून पाण्यात भिजवला, ओलाच टांगून खाली वजन अडकवलं, म्हणजे त्याची वळणं जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात केली. या वेळी अब्बांचा खांदा आठवला. खालच्या निम्म्या भागात मधूनच वळून परत यायचं. चार अर्ध्या ओळी घातल्या, कमी पडल्या. सहा घातल्या. आता आकार थेंबासारखा खाली झुकला. कापूस खाली जास्त, वर थोडा. टेबलावर ठेवला तर वाकडा दिसत होता. आपाच्या अंगावर तो बरोबर बसला.

त्या डिसेंबरात आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. आपा आली. पहिल्या रांगेत बसली नाही, पण आली. जेवणाच्या वेळी मी तिच्याकडे लांबून बघत होते. तिनं एकदाही पदर ओढला नाही. पुलाव वाढून घ्यायला दोन्ही हात पुढं केले. मला अब्बांची कॉलर आठवली.

मी आतापर्यंत असे काही नग विणून दिले आहेत, ओळखीतल्या बायकांना, ओळखीच्या ओळखीला. आकडा सांगण्यासारखा नाही. पण प्रत्येक वेळी नमुना बदलावा लागला. एकीचा व्रण काखेपर्यंत गेला होता, तिथं कडा टोचायची, म्हणून तिकडची बाजू पातळ केली. एकीला वजन अजिबात नको होतं, तर दुसरीचा तोल एका बाजूला जायचा म्हणून तिला थोडं वजन हवंच होतं. तिच्या कापसात शिवलेली छोटी पुरचुंडी घातली. एक विडी वळणारी बाई, दिवसभर सूप मांडीवर घेऊन पुढं वाकून बसणार. ती वाकली की ते पुढं यायचं. तिचा खिसा वरून बंद करून दिला. एकही दुसरीसारखी नाही. शाळेचे गणवेश शिवून देशभर पाठवणारं आमचं शहर. तिथं बत्तीस, चौतीस, छत्तीस अशी मापं ठरलेली असतात, ठरवावीच लागतात, नाहीतर कारखाना चालणार कसा? त्याला माझी हरकत नाही. पण दोन आकड्यांच्या मध्ये जी माणसं राहतात त्यांच्यासाठी कुणीतरी सुई हातात घ्यायला हवी.

म्हणून शिकणाऱ्या मुलींना एवढंच सांगेन. नमुना जरूर बघा, त्यात कुणाचे तरी कष्ट असतात. पण तो घालणारा माणूस नमुना काढणाऱ्यानं बघितलेला नसतो. तुम्ही बघितलेला असतो. वीतभर तुकडा विणा, टाके मोजा, माणूस मोजा. बदललेला आकडा वहीत लिहून ठेवा. आणि मैत्रिणींनो, अंगावर कुठं गाठ लागली तर ती पदराखाली ठेवू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

अम्मा गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत पावडरचा एक रिकामा पत्र्याचा डबा सापडला. त्यात गुंडाळून ठेवलेले धागे होते, पन्नास-साठ तरी असतील. प्रत्येकाला एक गाठ. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं मापं अशी जपली होती. कुठला धागा कुणाचा हे तिच्याबरोबर गेलं. फक्त एक मला ओळखता आला, कारण त्याला दोन गाठी होत्या, एक डाव्या खांद्याची आणि एक उजव्या. आपाचा तीन गाठींचा धागा मी त्याच डब्यात ठेवला आहे. डबा माझ्या विणकामाच्या पिशवीत असतो.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)